गेलेल्या ग्राहकाचा होकार

सोलापूर
वैशाखातली टळटळीत दुपार

तीर्थस्वरूप अक्कम्मावन्सं यांना धाकट्या भावजयीचा, कस्तुराबाईचा, शरणु शरणार्थी.

तुमची कंबर, डावा गुडघा, आणि ज्याच्याबद्दल विचारायचं नाही असं तुमच्या सिद्धेश्वरीनं मला बजावलंय तो कान, सगळे आपापल्या जागी आहेत ना ते कळवावं. इकडं आम्ही ठीक आहोत. (पत्रात असंच लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढं वाचाल तसं कळेल.) फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही नुसत्या ‘आँ? आँ?’ करता, मग मी ओरडते, मग शेजारची राजाबाई भांडण समजून चहा टाकून बघायला येते. मागच्या खेपेला आपण एवढा वेळ बोललो, मी सगळं सुखदुःख सांगितलं आणि शेवटी तुम्ही विचारलंत, ‘पण बोलतंय कोण?’ म्हणून हे पत्र. सांगतेय मी, लिहितेय महेश्वरी, तिकडं वाचणार सिद्धेश्वरी. दोन सासवांचं बोलणं दोन सुनांच्या हातातून जाणार, त्यातलं काय पोचतं आणि काय गळतं ते शिवालाच ठाऊक. मी ‘हाय’ म्हणते आणि ही ‘आहे’ लिहिते, ते तुम्ही तिकडं परत ‘हाय’ करून घ्या. सिद्धेश्वरी, मोठ्यानं वाच गं, आणि मधली पानं उलटू नकोस. तुम्ही इतक्या महिन्यांत आमच्याकडं आला नाहीत त्याबद्दल मी या पत्रात एक शब्द बोलणार नाही. (बोलणार आहे. पण शेवटी.)

तर वन्सं, आमच्या पेठेत विजेचा प्रयोग चाललाय. म्हणजे वीज तीच, तार तीच, खांबही तोच वाकलेला, ज्याला तुमच्या थोरल्यानं रिक्षा धडकवली होती. पण वरच्या आयोगानं ठरवलं की काही पेठांमधल्या लोकांनी वर्षभर आपल्या मनानं कंपनी निवडून बघायची, जमलं तर पुढं सगळ्यांना. तीन कंपन्या आहेत. मला अक्षर येत नाही, म्हणून मी चित्रावरून ओळखते. एक सूर्याची, एक मोराची, आणि तिसरी आपली जुनी, तिला चित्र लागत नाही. मी आधी समजले निवडणूक आहे, बोटाला शाई लावून घ्यायला तयारच होते. मग आमच्या लेकानं, शिवकुमारनं, समजावलं. मी विचारलं, तार एक, मग आपल्या घरात आलेली वीज सूर्याची का मोराची हे पंख्याला कसं कळणार? तीन गवळ्यांनी एकाच हंड्यात दूध ओतलं तर आपल्या तांब्यात कुणाच्या म्हशीचं आलं? तो म्हणाला, अव्वा, दूध सारखंच, फक्त हिशेब कुणाशी ते बदलतं. एवढ्यासाठी प्रयोग! तुमच्या गावाला असलं काही नाही, तुमच्याकडं वीज येईल तेव्हा घ्यायची आणि जाईल तेव्हा गप बसायचं, ही सोय बरी.

पण आयोगानं नियम मात्र झकास केलेत. कंपनीच्या माणसानं दारात येऊन भांडी, बादल्या, साड्या द्यायच्या नाहीत. आपल्या भाषेत सगळं वाचून दाखवायचं. कुणाला विचारल्याशिवाय त्याची कंपनी बदलायची नाही. आणि होकार घ्यायचा तो ज्याच्या नावावर मीटर आहे त्याच्याच तोंडून, फोनवर, आवाज भरून ठेवून. सही चालत नाही, अंगठा चालत नाही, आवाज. मला तर हा नियम ऐकून बरं वाटलं. जन्मभर अंगठा उठवून बोट निळं झालं, पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की तोंड चालेल. (महेश्वरी हसतेय. तिचं म्हणणं, माझं तोंड कायमच चालतं.)

मग कंपन्यांच्या पोरी यायला लागल्या. सूर्यवाली प्रियंका म्हणून एक होती, गोड पोरगी, उन्हानं लाल झालेली. तिला आत बसवलं, ताक दिलं. (ताक आम्ही दिलं, त्यांनी नाही, म्हणजे नियमात बसलं.) ती म्हणे, आजी, आमच्याकडं वीज कध्धी जात नाही. मोरवाली आली, तीही तेच, आमच्याकडं कध्धी जात नाही. मी दोघींना एकच विचारलं, अधूनमधून घालवणारी कंपनी कुठली गं? दोघी माझ्याकडं अशा बघायला लागल्या की म्हातारीला ऊन लागलंय. त्या पोरींना काय सांगणार, पण तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या भावाचं सगळं आयुष्य चादरीच्या कारखान्यात, यंत्रमागांच्या त्या खडखडाटात गेलं. तिथं बोलून उपयोग नसतो, म्हणून माणूस बोलणंच विसरला. घरी आले की जेवण, विडा, झोप. पण वीज गेली की माग बंद, आणि माग बंद की हे घरी. अंधारात ओट्यावर बसायचे आणि बोलायला लागायचे. आईबद्दल, तुमच्याबद्दल, लहानपणी तुम्ही दोघांनी चोरून खाल्लेल्या काकवीबद्दल. मी हातपंख्यानं वारा घालायची, दोघांना. सगळी पेठ वीज मंडळाला शिव्या घालायची आणि मी मनात म्हणायची, अजून जरा वेळ नको येऊ देऊ. मग दिवा लागायचा, कारखान्याचा भोंगा व्हायचा, आणि हे बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून उठून जायचे. किती वाक्यं अर्धी राहिलीत वन्सं, मला अजून त्यांची टोकं सापडतात घरात.

असो. आम्ही काही निवडलं नाही. न निवडणाऱ्याची जुनीच राहते, असाही नियम आहे, आणि तो मला सगळ्यांत आवडला. मीटर तुमच्या भावाच्या नावावर, ते गेल्यावरही आम्ही तसंच ठेवलेलं. शिवकुमार म्हणायचा बदलू, मी म्हणायची बघू. कारण सांगते. बिलं वाटायला येडू येतो, तो धनगराचा, लांब टांगांचा. तो खालूनच नाव घेऊन ओरडतो, अमुकऽऽ, बिल! हे हयात असताना आतून विचारायचे, ‘यारु?’ येडूच आहे हे कळत असून. तुम्ही दारातून हाक मारलीत तरी तेच, ‘यारु?’ सख्ख्या बहिणीलाही आधी ‘कोण’ विचारणारा माणूस. हे गेल्यावर पहिल्या महिन्याला येडू खाली थांबला, वर आला, टोपी काढून म्हणाला, आज्जे, आता कसं करू, हाक नको मारू का? मी म्हटलं, मार की. कागदावर हाय तोवर मार. त्यामुळं महिन्यातून एकदा का होईना, आमच्या दारात त्यांचं नाव यायचं. मी ज्वारीचं पीठ मळता मळता हात थांबवायची. तेवढंच.

आणि संक्रांतीची गड्ड्याची यात्रा झाल्यावर काय व्हावं, बिल आलं ते सूर्याचं! येडू आलाच नाही, कुणी भलताच पोरगा दाराच्या फटीतून कागद सरकवून पळाला, हाक नाही काही नाही. महेश्वरीनं वाचून दाखवलं. अभिनंदन म्हणे. आपण स्वतः आमची कंपनी निवडल्याबद्दल अमुकरावांचे आभार म्हणे. मी खाटेवर बसले. म्हटलं, वर जाऊन माणूस इतका बदलतो? आयुष्यभर ज्यानं चपलेचं दुकान बदललं नाही, त्यानं मातीत गेल्यावर कंपनी बदलली? शिवकुमारनं फोन लावला, तर तिकडून उत्तर मिळालं की ग्राहकानं स्वतःच्या तोंडानं होकार दिलाय, आवाज भरून ठेवलाय, नियमाप्रमाणे. शिवकुमार तापला, अहो ते गेलेत! तर ते म्हणाले, आमच्याकडं आवाज आहे.

वन्सं, ‘आमच्याकडं आवाज आहे’ हे ऐकलं आणि माझं बाकीचं सगळं ऐकणं बंद पडलं.

वेड लागलं नव्हतं मला. हे गेले ते माझ्या हातावर गेले, मला नको सांगायला. पण असं बघा, या प्रयोगाची विचारपूस मागच्या पावसाळ्यातच सुरू झाली होती, हे असताना. कंपन्यांचे फोन यायचे, आणि दुपारचे घरात एकटे असले की हेच उचलायचे. शिवकुमारही म्हणाला, तेव्हाच्याच फोनचा भरलेला आवाज काढून वर नवी तारीख टाकली असंल. मग असेलही की! आणि तुम्हाला म्हणून सांगते, आपल्याकडं त्यांचा आवाज कुठंच नाही. मी सगळीकडं शोधायला लावलं. शिवकुमारच्या मोबाइलमध्ये फोटो आहेत, सगळ्यात तोंड मिटलेलं. नातवाच्या जावळाच्या व्हिडिओत ओठ हलताना दिसतात, पण वर सिनेमाचं गाणं घातलंय. तुमच्या थोरल्याच्या लग्नातल्यावर बँड. एवढ्या मशिनी घरोघर आल्या आणि त्या माणसाचं एक ‘यारु?’ कुणी धरून ठेवलं नाही. म्हणून मी मनाशी ठरवलं, तक्रार करायची. आयोगाच्या लोकांसमोर तो आवाज वाजवायला लावायचा. त्यांचा निघाला तर तक्रार मागं घ्यायची, राहू दे सूर्य, घालू दे काय घोळ घालायचा तो, फक्त तेवढा आवाज शिवकुमारच्या मोबाइलमध्ये घालून द्या म्हणायचं. हे मी घरात कुणाला बोलले नाही. (महेश्वरीला आज लिहिताना कळतंय. तिनं पेन खाली ठेवलंय. उचल गं, पत्र लांब आहे अजून.)

तक्रार फोनवरच नोंदवायची असते. शिवकुमारनं नंबर लावून दिला आणि माझ्या कानाला धरला. आतून मशिनीतली बाई बोलली, ग्राहकाचे पूर्ण नाव सांगा. आता आली का पंचाईत? मी म्हटलं, यांचं. ती म्हणाली, आपला प्रतिसाद समजला नाही. मी म्हटलं, शिवकुमारच्या अप्पांचं. समजला नाही. मी म्हटलं, बाई गं, आमच्यात नाव घेत नाहीत, तुझ्यात घेतात का? समजला नाही. मग मला वाटलं, उखाणाच पाहिजे असेल हिला, आणि तोंडाला आला तो दिला:

शेंगाचटणीला लसणाचा ठसका,
मेल्या मशिनीला कशाला नावाचा चसका!

तिनं फोन ठेवला. तुम्हाला यात नवल वाटायचं नाही. लग्नात मला दारात कुणी अडवलं होतं? तुम्हीच. दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या, नाव घे, मगच आत. मी मापाला पाय लावायच्या तयारीत, डोक्यावर बाशिंग, पोटात भूक, पण तोंडातून नाव निघेना. इतर बाया उखाणे घेतात, मला उखाणा यायचा, फक्त नावाच्या जागी येऊन गाडी थांबायची. तुम्ही दार सोडेनात, मी बोलेना, स्वयंपाकघरात भात करपला. शेवटी तुम्हीच वैतागून त्यांचं नाव घेऊन ओरडलात, अरे येऽऽ, ही मुकी आणलीस का? आणि आतून आवाज आला, ‘यारु?’ सगळा मांडव हसला. तेव्हापासून त्या नावाचं काम तुमच्याकडं. मी इतकी वर्षं ‘अहो’वर आणि बांगड्या वाजवण्यावर संसार केला.

शेवटी शिवकुमारनंच माझ्या नावानं लिहून तक्रार घातली आणि सुनावणी लागली, सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये. आमच्या पेठेतली बरीच मंडळी होती, सगळ्यांची तीच तक्रार, न विचारता सूर्य उगवला. मी तुम्ही दिलेलं निळं इरकल नेसले, कपाळाला विभूती लावली, नवी करून आणलेली कवळी घातली. शिवकुमार म्हणाला, अव्वा, सुनावणीला चाललोय, लग्नाला नाही. मी म्हटलं, गाडी चालव. त्याला काय सांगू, कुणाला भेटायला चाललेय ते.

आयोगाच्या मॅडम आल्या होत्या, पन्नाशीच्या, सुती साडी, चष्मा दोरीला बांधलेला. कंपनीचा एक टायवाला होता, त्या उन्हात त्याच्या टायचीच मला दया आली. मॅडमनी सांगितलं, प्रयोग चालू आहे म्हणजे चुका होणार, पण त्या लपवायच्या नाहीत म्हणूनच ही सुनावणी. एकेकाचा आवाज वाजवला. आधी राजाबाईचा नंबर. मशिनीतून बारीक किनरा आवाज आला, ‘होऽ, मीच राजाबाई बोलतेय, मान्य आहे.’ सगळा हॉल हसला आणि राजाबाई उठून उभी, ‘म्या अशी किनरी बोलती व्हय? म्या?’ तिला होकाराचा राग नाही, आवाजाचा आला. हसून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मग मॅडमनी तुमच्या भावाचं नाव घेतलं आणि माझं हसणं जागीच राहिलं.

कळ दाबली. आधी खरखर झाली. त्या खरखरीत वन्सं, मी त्यांना पाहिलं. खाटेच्या कडेला बसलेले, मोबाइल उलटा धरलेले. मी पुढं वाकले. इतकी की टायवाल्यानं पाण्याचा ग्लास बाजूला घेतला. कंपनीच्या बाईनं विचारलं, आपणच ग्राहक का? आणि आवाज आला, ‘हॅलो. हो. हो, मीच बोलतोय. हो, मान्य आहे.’

पहिल्या ‘हॅलो’लाच कळलं. पुढचं ऐकायचं काही कारण नव्हतं. त्या माणसानं जन्मात कधी हॅलो म्हटलं नाही, ‘यारु?’ म्हटल्याशिवाय कुणाशी बोलणं सुरू केलं नाही. आणि हो? तेही तीनदा? मला मागणी घालायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, पोरगी पसंत आहे का, तर हे म्हणाले, ‘बघू की.’ ते ‘बघू की’ मी शेवटपर्यंत बघत आले. हा कुणीतरी घाईतला पोरगा होता, सर्दी झालेला. मॅडमनी विचारलं, आजी, हा तुमच्या यजमानांचा आवाज आहे का? मी मान हलवली. त्या म्हणाल्या, तोंडानं सांगा, नोंद होते. मी म्हटलं, न्हाय. मग परत बसायला गेले तर खुर्ची जरा लांब वाटली.

तो पोरगाही तिथंच होता. भारत त्याचं नाव, मोहोळकडचा, कंपनीनं घरामागं कमिशन देऊन ठेवलेला. उन्हात दारोदार फिरून कुणी हो म्हणेना, म्हणून लिंबाच्या झाडाखाली बसून सगळ्या गल्लीच्या वतीनं तोच हो म्हणत गेला. राजाबाईही तोच, तुमचा भाऊही तोच. मान खाली घालून उभा होता. जाताना माझ्या पाया पडला. लोकांना वाटलं म्हातारी आता फाडून खाणार. मी म्हटलं, ‘आवाज बरा हाय तुझा, पण बाबा, हो म्हणायची लई घाई हाय. लग्नात जपून.’ आणि गवती चहा घे म्हटलं सर्दीला. काय करू? इतके दिवस मी ज्या आवाजासाठी झोपले नव्हते तो निदान समोर उभा तरी होता, जिवंत.

पण खरी गंमत पुढं आहे. मॅडम म्हणाल्या, नियम असा आहे की होकार आवाजात घेतला, तर तो खोडायचाही आवाजात, ग्राहकाचं नाव घेऊन. ‘अमुक यांनी होकार दिलेला नाही,’ एवढं एक वाक्य. शिवकुमार उठला, मी घेतो नाव. मॅडम म्हणाल्या, तक्रार आईंच्या नावानं आहे, त्यांनीच. मी म्हटलं, यांनी होकार दिलेला न्हाय. मॅडम म्हणाल्या, ‘यांनी’ म्हणजे कुणी ते मशिनीला कळत नाही. मला वाटलं, आता पुन्हा ती चटणी-ठसका म्हणावी. तेवढ्यात टायवाला उठला आणि गोड आवाजात म्हणाला, बाईंना ग्राहकाचं नावच सांगता येत नसेल तर आमची नोंद तशीच राहील.

राहिली असती. कंपनी राहिली असती याचं मला काही नव्हतं, सूर्य काय मोर काय. पण त्यांच्या नावापुढं ते तीन ‘हो’ राहिले असते. ज्यानं कुणाला खोटा शब्द दिला नाही, कारण शब्दच दिले नाहीत, त्याच्या नावावर एका सर्दीवाल्याचा होकार कायमचा. हे काही मला सोसलं नाही. मी पदर डोक्यावरून घेतला, उभी राहिले आणि वन्सं, घेतलं. अहो नाही, राव नाही, उखाणा नाही. नुसतं नाव, जसं तुम्ही घेता तसं. मग आडनाव. मग म्हटलं, यांनी होकार दिलेला न्हाय. (महेश्वरी विचारतेय, नाव लिहू का? नको लिहू. त्यांना माहीत आहे.)

एवढंसं होतं हो ते. इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं तेव्हा केवढं वाटायचं. बाहेर पडलं आणि हॉलमधला पंखा फिरत राहिला, टायवाल्यानं काहीतरी लिहून घेतलं, झालं. मला उगीच वाटलं, कुठून तरी ‘यारु?’ येईल. बायकोनं पहिल्यांदा नाव घेतलं, आणि ऐकायला माणूस नाही.

निकाल आमच्या बाजूनं लागला. सूर्यवाल्यांना दंड झाला, सगळ्यांची जुनी कंपनी परत, भारतला दुसरं काम शोधायला सांगितलं. मॅडम आमच्यापाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, आजी, तुमच्यामुळं या प्रयोगात एक नवा नियम होतोय. ग्राहक वारला असेल तर आधी मीटर वारसाच्या नावे करायचं, त्याशिवाय कुणी होकार घ्यायचा नाही, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावानं कुणाला फसवता येणार नाही. चांगला नियम आहे. मीही मान डोलावली. घरी येताना, गाडी सिग्नलला थांबली तेव्हा, माझ्या डोक्यात उजेड पडला की वारसाच्या नावे म्हणजे माझ्या नावे. मी ते नाव घेतलं ते पहिल्यांदा, आणि घेतलं तेच पुसायला.

गेल्या आठवड्यात येडू आला. खालीच घुटमळला, मला वरून टोपी दिसत होती. मग हळू आवाजात, चोरासारखा ओरडला, ‘कस्तुराबाईऽ, बिल.’ मी पीठ मळत होते. कुणाला हाक मारतोय तेच मला आधी कळलं नाही.

असो. लांबलं. घरातल्या सगळ्यांना, गाईगुरांना, आणि त्या कानाला माझा आशीर्वाद आणि नमस्कार, ज्याचं जे असेल ते त्याला द्यावं. चूकभूल सुनांच्या माथी मारावी, आपण दोघी मोकळ्या.

तुमची,
कस्तुराबाई

ता. क. कंपनी निवडायला मला पुन्हा मुदत मिळालीय. मोराची पोरगी कालच येऊन गेली. मी अजून विचारतेच आहे, घालवणारी कुठली. महेश्वरी म्हणते, आत्याबाई, एक दिवस आपणच मेन स्विच बंद करून ओट्यावर बसू. सून बरी आहे हो. हे तिला लिहायला लावलंय, म्हणजे लाजून अक्षर बिघडलेलं दिसेल.

ता. क. दोन. वर मी हसून डोळ्यांत पाणी आलं असं सांगितलंय ते फक्त राजाबाईच्या वेळचं. बाकी वेळी मी रडले असं महेश्वरीनं कुठं घुसडलं असेल तर सिद्धेश्वरीनं ते वाचू नये.

ता. क. तीन. आता ते, जे बोलणार नव्हते. मातीला आलात तेव्हा जाताना चौकटीला हात लावून म्हणालात, आता या दारात मी कुणाला हाक मारू. आणि मग आलाच नाहीत. दिवाळी गेली, गड्डा गेला, शिवरात्र गेली. मी रागावले नाही. पण आता येडूचीही हाक गेली, आणि माझं एकदा घेऊन झालं, मला ते नीट येत नाही, तोंड तयार नाही त्याला. आता ते नाव घेणारं माणूस तुम्ही एकट्या उरलात. तर शिवकुमार रविवारी गाडी घेऊन येईल, निमूट बसा. या खेपेला दार मी अडवणार, दोन्ही हात चौकटीला लावून. नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही, भात करपला तर करपू दे. तुम्ही नेहमीसारखी मोठ्यानं हाक मारा. आतून ‘यारु?’ आलं की नाही, ते तुम्हाला काही ऐकू यायचं नाही.

मी सांगेन तुम्हाला, आलं म्हणून.